कोट्रप्पा सरांच्या भुवईतला तीळ

कोट्रप्पा सरांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही. तसं आमच्या कॉलेजात भित्र्यांची काही कमी नव्हती. प्राचार्यांना संस्थेच्या अध्यक्षांची भीती, अध्यक्षांना इन्कम टॅक्सवाल्यांची, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना सगळ्यांचीच. पण सरांचं घाबरणं या सगळ्यांवर ताण होतं. शिपाई कसलीही नोटीस घेऊन दारात उभा राहिला तरी त्यांच्या हातातला खडू गळून पडायचा. फोन वाजला की आधी रुमालानं तोंड पुसायचे, मग उचलायचे. प्राचार्यांनी बोलावलं तर जाण्याआधी कोट्टूरच्या बसवेश्वराचं नाव घेत विभूती पुन्हा लावायचे. मी म्हणायची, "सर, पगारवाढीला बोलावलं असेल, फासावर नाही चढवत." ते हसायचे, पण पाय मात्र जड झालेले असायचे.

दावणगेरेच्या पुढं हायवेला आमचं कॉलेज. मी तिथं केमिस्ट्री शिकवायची. सर पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायचे, आणि त्यांचा हॉल माझ्या लॅबला लागूनच होता. माझा स्वभाव त्यांच्या अगदी उलट. मी चष्म्यातून नुसते डोळे वटारले की शेवटच्या बाकापर्यंत चिडीचूप. 'हिरेमठ मॅडम आल्या' असं कुणी कुजबुजलं तरी व्हरांडा रिकामा व्हायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. सर माझ्याशी बोलताना नेहमी माझ्या चपलांकडे बघत बोलायचे. बाईमाणसाशी बोलायची जुनी रीत पाळणारा संस्कारी माणूस आहे, असं मी समजून चालले होते. पुरुषांशी बोलतानाही त्यांची मान वर नसते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पोरं मात्र त्यांच्याभोवती जमायची. कन्नड मीडियममधून आलेली, इंग्रजी ऐकलं की पांढरी पडणारी, मेसमध्ये ताट घेऊन बसायलाही धजत नसलेली पोरं दुपारी ड्रॉइंग हॉलमध्ये येऊन बसायची. सर जुन्या ड्रॉइंग शीटवर मंडक्की, म्हणजे चुरमुरे, ओतायचे, वर कांदा, शेंगाचटणी, बाजूला मिरचीभजी. मग एकेकाला विचारायचे, "झोप लागते का? घरी फोन केलास का? आईला खरं सांगितलंस का?" एखादा रडायला लागला की सरांचेही डोळे भरायचे आणि दोघं मिळून घाबरायचे. त्यानंच पोरांना धीर यायचा असं मला वाटतं. आपल्याहून घाबरलेला एक माणूस इथं आहे, आणि तरी तो रोज कामावर येतो, जेवतो, संसार करतो, हे दिसायचं ना त्यांना.

त्यांची एक खोड सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. दरवर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला ते ना पट्टी धरायला शिकवायचे, ना पेन्सिल. फळ्यापुढं उभे राहून म्हणायचे, "माझ्या तोंडाकडं बघा. मान खाली घालायची नाही. माझ्या डाव्या भुवईत काय आहे ते सांगा." पोरं खुसखुसायची. सर डोळे मिटून उभे असायचे, कपाळावरच्या घामानं विभूती पसरत चाललेली. शेवटी कुणीतरी म्हणायचं, "तीळ आहे सर." मग सर म्हणायचे, "बरोबर. आता इथं ज्याच्याशी बोलाल त्याचं तोंड असंच बघून घ्यायचं. कुणी काही म्हणू दे." झाला तास. विभागप्रमुख यावरून दरवर्षी चिडायचे. मीही चिडवायची, "सर, पोरांपुढं वधूसारखे दाखवून घ्यायला बसता की काय हो?" ते माझ्या चपलांकडे बघत म्हणायचे, "असू दे मॅडम. बघू दे त्यांना."

त्या वर्षी मैलारी नावाचा एक मुलगा उशिरा आला. प्रवेशाच्या अगदी शेवटच्या फेरीत त्याला जागा मिळाली होती, त्यामुळं तो पहिला तास त्याचा बुडाला. हडगलीकडचा, धनगराचा पोर. बाप मेंढरं घेऊन फिरणारा. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला हा पहिलाच. आला तेव्हा चांगला हसरा होता. माझ्या लॅबमध्ये ॲसिडच्या बाटल्यांकडे असा बघायचा, जणू जत्रेतल्या दुकानापुढं उभा आहे. आणि मग बघता बघता सुकला. केस वाढले, शर्टाची कॉलर मळली, प्रश्न विचारला की ओठ हलायचे पण शब्द बाहेर यायचा नाही.

एके दिवशी सकाळी प्रॅक्टिकलला त्याच्या हातातून पिपेट निसटली आणि फुटली. मी सवयीप्रमाणे ओरडले, "लक्ष कुठं आहे तुझं?" तो झटक्यात ताठ उभा राहिला, नजर खाली, हात मांडीला चिकटलेले, आणि म्हणाला, "चुकलं अण्णा."

मला, बाईला, अण्णा! आजूबाजूची पोरं हसली नाहीत. एकही हसलं नाही. मी त्याचं मनगट धरलं. ताप आलेल्या माणसासारखं थडथडत होतं. प्रॅक्टिकल असिस्टंटवर सोपवलं आणि त्याला घेऊन ड्रॉइंग हॉलमध्ये गेले.

सरांनी त्याला काहीच विचारलं नाही. नुसतं पाणी दिलं आणि शेजारी बसले. पेला रिकामा झाल्यावर तो बोलायला लागला, तेही तुटक तुटक. हॉस्टेलच्या गच्चीला कठडा आहे, विटेच्या रुंदीचा. संध्याकाळी वॉर्डनच्या हजेरीआधी त्याला तिथं नेतात. कठड्यावर उभं राहून स्वतःचं नाव, गाव, बापाचं नाव, बापाचा धंदा सांगायचा. आवाज बारीक झाला की त्यांच्यातला एक विचारतो, "आवाज गावी ठेवून आलास काय?" असं विचारलं की एक पाय उचलायचा आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायचं.

"तीन मजले आहेत सर," मैलारी म्हणाला. "काल पाय सटकला. कुणीतरी मागून शर्ट धरला. मग सगळे हसले. आज डोळे बांधून उभं करणार म्हणालेत."

"कोण?" मी विचारलं. "नावं सांग. आत्ता सांग."

"ठाऊक नाही मॅडम."

"ठाऊक नाही म्हणजे? रोज नेतात ना तुला?"

त्यानं नुसती मान हलवली. घाबरून लपवतोय असंच मला वाटलं. सरांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला. ते स्वतःशीच पुटपुटत होते, "पहिल्या तासाला नव्हता हा. मी परत घ्यायला हवा होता तो तास. याच्यापुरता घ्यायला हवा होता." मला त्या बडबडीचा अर्थ लागला नाही, आणि लावायला वेळही नव्हता. मी पोराला घेऊन थेट प्राचार्यांकडे गेले. सर मागून येत होते, भिंतीला हात लावत लावत.

पुढच्या आठवड्यात कॉलेजची तपासणी करायला बाहेरून माणसं यायची होती. रॅगिंग हा शब्द ऐकताच प्राचार्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि कठडा, तो सवाल, उचललेला पाय, सगळं पोराकडून ऐकून घेतलं. म्हणाले, "आजच्या आज मिटवू. जेवणानंतर समिती बसवतो. त्या मजल्यावरच्या सगळ्या सीनियर पोरांना उभं करतो, यानं बोट दाखवायचं. बोट दाखवलं की कारवाई. नाही दाखवलं तर विषय संपला." मला ते न्यायाचं वाटलं. म्हणजे तेव्हा वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत सर माझ्या लॅबमध्ये आले, हातात फोन धरून. ओठ निळे पडलेले.

"मॅडम, फोन आला होता. कोण ते बोलला नाही. म्हणाला, तुमची स्फूर्ती पिवळ्या बसनं येते ना घरी, खिडकीशी बसते. आज तिच्या शेजारची जागा रिकामी आहे का विचारा."

स्फूर्ती त्यांची एकुलती एक मुलगी. बारावीला होती. मी काही बोलायच्या आत ते सिंककडे वळले आणि त्यांना उलटी झाली. तोंड धुऊन तसेच नळ धरून उभे राहिले.

खरं सांगते, मीही घाबरले होते. पण मला भीती वाटली की राग येतो. "सर, आधी पोरीला घरी आणायची सोय करा," मी म्हटलं. "आणि तुम्ही येऊ नका समितीपुढं. घरी जा. मी आहे ना, मी बघते एकेकाला."

त्यांनी बायकोला फोन केला. भावाला घेऊन तिच्या कॉलेजात जा, पोरीला बसनं येऊ देऊ नको, एवढंच सांगायला त्यांना तीनदा सुरुवात करावी लागली. मग फोन खिशात घालून म्हणाले, "येतो मी. मागं बसतो. मला बोलायला मात्र लावू नका मॅडम. पाया पडतो तुमच्या."

समिती बसली प्राचार्यांच्या मीटिंग हॉलमध्ये. पंखे फिरत होते, खिडक्या लावलेल्या. सीनियर पोरं भिंतीशी ओळीनं उभी. सगळ्यांच्या अंगावर कॉलेजचा पांढरा शर्ट, सगळ्यांची दाढी ताजी केलेली, चेहरे देवळात आल्यासारखे. त्यांच्यात अध्यक्षांच्या मेहुण्याचा मुलगा तिप्पेशही होता. प्राचार्य त्याच्याकडे बघायचं टाळत होते आणि तो सगळ्यांकडे नीट बघत होता.

"हं, बाळ," प्राचार्य मैलारीला म्हणाले, "दाखव बोट."

मैलारी ओळीपुढून चालत गेला. एकेकाच्या तोंडाकडे बघायचा आणि पुढं सरकायचा. शेवटपर्यंत गेला, परत आला. मग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू परक्या गावात रस्ता चुकलाय.

"काय झालं?" प्राचार्यांनी विचारलं.

"ओळखत नाही सर. यांची तोंडं पाहिली नाहीत मी."

"रोज भेटतात आणि तोंडं नाही पाहिलीस?"

"तोंडाकडं बघायचं नसतं सर. अण्णा लोकांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडं बघून बोलायचं. तसाच नियम आहे."

समितीतले एक गृहस्थ फसकन हसले. प्राचार्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग मी काय करू? बटणावर कारवाई करू? तक्रारीत तथ्य नाही असं लिहू या. मुलगा हॉस्टेलवर जाईल, अभ्यासाला लागेल. आणि मॅडम, पुढच्या वेळी जरा खात्री करून या."

मी उठले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला होता असं नंतर शिपायानं सांगितलं. आज संध्याकाळी हा पोर कठड्यावर उभा असेल, डोळ्यांना पट्टी बांधून, खाली पडला तर काय लिहाल, असं काहीतरी मी विचारत होते. प्राचार्य "बसा मॅडम, बसा" एवढंच म्हणत राहिले. तिप्पेश छताकडे बघत होता. मैलारी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आपण हरलो हे मला कळलं होतं. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा मला त्या इमारतीचं भय वाटलं.

तेवढ्यात मागं खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

कोट्रप्पा सर उभे होते. पडलेली खुर्ची उचलायचंही त्यांना सुचलं नाही. कुणाकडेही न बघता ते पुढं आले. "सर, असं असतं ते," एवढंच म्हणाले आणि ओळीतल्या पहिल्या पोरापुढं जाऊन उभे राहिले. टाचा जुळवल्या, उजवा हात कपाळाला लावून वाकडा सलाम केला, आणि नजर त्या पोराच्या तिसऱ्या बटणावर रोवली.

"माझं नाव कोट्रप्पा. गाव कानाहोसहळ्ळी. बापाचं नाव बसप्पा. बाप हमाली करतो. मी कन्नड मीडियम."

तो आवाज त्यांचा नव्हता. म्हणजे त्यांचाच होता, पण मिसरूडही न फुटलेल्या पोराचा होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कानांवरचे केस पांढरे, आणि आत कुठंतरी तो पोर तसाच उभा राहिलेला.  पहिला मुलगा मागं सरकून भिंतीला टेकला. दुसरा म्हणाला, "सर, नका ना असं." सर ऐकतच नव्हते. पुढं सरकले, पुन्हा टाचा जुळवल्या, पुन्हा नाव, गाव, बाप. दर खेपेला आवाज खाली खाली जात होता. प्राचार्य म्हणाले, "कोट्रप्पा, हे काय चाललंय?" पण थांबवायला कुणी उठलं नाही.

सर तिप्पेशपुढं आले. आता नुसते ओठ हलत होते. सलामाची बोटं कपाळाच्या विभूतीनं पांढरी झाली होती.

तिप्पेश गालात हसला. शेजारच्या मित्राकडे त्यानं एक नजर टाकली. थट्टा म्हणून बोलला की जिभेला सवयच होती, देव जाणे. पण बोलला.

"आवाज गावी ठेवून आलास काय?"

"चुकलं अण्णा," सर म्हणाले.

आणि माझ्या शेजारी मैलारीनं एक पाय उचलला.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेक त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. नजर खाली, दोन्ही हात बाजूला थोडे पसरलेले, तोल सांभाळायला, आणि मीटिंग हॉलच्या गुळगुळीत फरशीवर तो एका पायावर उभा होता. तीन मजले खाली बघावं तसा तो फरशीकडे बघत होता. हळू आवाजात त्यानं सुरुवात केली, "माझं नाव मैलारी..."

मघाशी हसलेल्या गृहस्थांनी तोंडावर हात धरला. प्राचार्यांनी आधी मैलारीकडे बघितलं, मग तिप्पेशकडे, आणि या खेपेला त्यांना नजर वळवता आली नाही. तिप्पेशच्या तोंडावरचं हसू जायला जरा उशीर लागला. मी मैलारीला दोन्ही हातांनी धरलं आणि त्याचा पाय खाली ठेवायला लावला. किती कडक झाला होता तो पाय!

पुढचं थोडक्यात सांगते. तिप्पेशला वर्षभरासाठी काढलं, त्याच्याबरोबर आणखी काही जणांना. अध्यक्षांनी प्राचार्यांशी बरेच दिवस अबोला धरला, पण बाहेर बोभाटा नको म्हणून तेही गिळून गेले. त्याच संध्याकाळी मैलारीची ट्रंक सरांच्या घरी गेली, आणि त्याचं पहिलं वर्ष त्यांच्या माडीवरच पार पडलं. सरांची भीती काही कमी झाली नाही. उलट वाढली. वर्षभर ते स्फूर्तीला स्वतः स्कूटरवरून सोडायचे आणि आणायचे. मागं कोणी येतंय का हे आरशात बघण्याच्या नादात एकदा म्हशीला धडकले. तरी दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधून पुन्हा स्कूटर काढली.

समितीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ड्रॉइंग हॉलमध्ये गेले. पोरं मंडक्की खाऊन गेली होती. सर शीट झटकत होते. मी म्हटलं, "सर, काल तुम्ही ते सगळं मुद्दाम केलंत ना? तिप्पेशच्या तोंडून काढून घ्यायला?"

"छे हो," ते म्हणाले. "मला एवढं कुठलं सुचतंय! ते म्हणत होते ना, तोंड कसं नाही पाहिलं म्हणून. मला नुसतं दाखवायचं होतं, कसं दिसत नाही ते. एकदा उभा राहिलो आणि मग मी तिथं नव्हतोच मॅडम."

मी एक स्टूल ओढून बसले. 

शीटची घडी घालत ते बोलायला लागले. "आम्ही खोलीत दोघं होतो. मी आणि शंक्रय्या. आमच्या वेळी कठडा नव्हता, हॉस्टेलमागं विहीर होती. काठावर आधी मला उभं केलं, मग त्याला. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं. बापाचं नाव सांगायचं राहिलं." त्यांनी घडी पुन्हा उलगडली. "पोलीस आले. म्हणाले, तू तिथं होतास, कोण कोण होते सांग. मी काय सांगणार? पांढरं बटण होतं, चार भोकांचं. त्यांच्यातले कितीतरी वर्षभर माझ्या पुढ्यातून जात होते, पाठीवर थाप मारत होते. मला ओळखता येत नव्हते. अजूनही कुणाच्या तोंडाकडं बघायला गेलो की वाटतं, हा त्यांच्यातलाच असला तर?"

दरवर्षीचा तो पहिला तास मला तेव्हा कळला. घामानं भिजत, डोळे मिटून, हा माणूस पोरांपुढं उभा राहायचा, स्वतःला जे कधी जमलं नाही ते त्यांना शिकवत.  मी म्हटलं, "सर, माझ्याकडं बघा. मी तर त्यांच्यातली नाही ना?"

ते बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिले. मग नजर पदराच्या काठापर्यंत आली, तिथं थांबली. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मग मान वर झाली. इतकी वर्षं शेजारी काम करून मला त्यांच्या डोळ्यांचा रंग पहिल्यांदा दिसला. डाव्या भुवईत तीळ होता.

सर माझ्याकडे टक लावून बघत राहिले, लहान मुलासारखे.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्हाला चष्मा आहे?"

"आहे सर," मी म्हटलं. "पहिल्यापासून आहे."